शुक्रवारचे पन्नास कोटी

२९ सप्टेंबर २०१५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर एकदम अर्ध्या टक्क्याने उतरवला. बाजार पाव टक्क्याच्या आशेवर होता. पत्रकार परिषदेत गव्हर्नर रघुराम राजन यांना छेडले गेले, की आता तुम्हाला ससाणा म्हणायचे की सांताक्लॉज? काय म्हणायचे ते म्हणा, माझे नाव रघुराम राजन आणि मला जे करायचे ते मी करतो, अशा अर्थाचे उत्तर राजन यांनी दिले. उपसंपादकांना याहून चांगला मथळा आयता मिळणे शक्य नव्हते. गव्हर्नरांचा जेम्स बाँड झाला. दोन वर्षांनी तेच वाक्य राजन यांच्या पुस्तकाचे नाव झाले.

त्याच वर्षी २० फेब्रुवारीला रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांच्यात एक करार झाला होता. महागाई किती असावी हे आकड्यात ठरवून बँकेला त्या आकड्याशी बांधणारा आणि तो गाठण्यापुरते तिला मोकळे सोडणारा हा भारतातला पहिला करार. पुढच्या वर्षी त्याचे कायद्यात रूपांतर झाले. राजन यांच्या त्या संवादाने देशाच्या पैशात काडीचाही फरक पडला नाही, या कराराने पडला. पण संवाद सगळ्यांना पाठ आहे आणि कराराची तारीख शोधावी लागते.

मध्यवर्ती बँकेची स्वायत्तता आपल्यापर्यंत वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरून येते ती दोन माणसांच्या गोष्टीच्या रूपात. एक गव्हर्नर, एक मंत्री. एक ताठ कण्याचा, दुसरा दटावणारा. गोष्ट सांगायला सोपी, वाचायला चटकदार. रिझर्व्ह बँकेचा नव्वद वर्षांचा इतिहास चाळला तर मात्र चित्र निराळे दिसते. या बँकेचे हात सर्वांत घट्ट बांधले गेले तेव्हा कुणी कुणावर आवाज चढवला नव्हता, आणि ते सुटले तेव्हाही कुणी टेबलावर मूठ आपटली नव्हती. दोन्ही वेळा कागदावर सह्या झाल्या आणि बातमी आतल्या पानात राहिली.

रॉकस्टार आणि मौनी

राजन ४ सप्टेंबर २०१३ रोजी पदावर आले. त्याच्या आठवडाभर आधी रुपया डॉलरमागे ६८ च्याही पलीकडे घसरला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी लांबलचक निवेदन केले, अनिवासी भारतीयांच्या ठेवींसाठी बँकांना स्वस्त विनिमय सवलत दिली, आणि काही महिन्यांत या मार्गाने सुमारे २६ अब्ज डॉलर देशात आले. रुपया सावरला. मासिकांची मुखपृष्ठे आणि रविवारच्या पुरवण्या राजन यांच्यावर भाळल्या. गव्हर्नरांच्या दिसण्यावर स्तंभ लिहिले गेले. आधीचे गव्हर्नर डी. सुब्बाराव यांनी त्याच उन्हाळ्यात पैसा आवळून लोकांचे शिव्याशाप घेतले होते, याची आठवण फार थोड्यांनी ठेवली. २०१४ च्या मध्यापासून जगात खनिज तेलाचे भाव निम्म्याहून खाली आले आणि त्याने महागाई उतरायला मोठी मदत झाली. पण तेलाच्या पिंपाची मुलाखत घेता येत नाही.

चेहऱ्यावर उभारलेली प्रतिमा चेहऱ्यावरच फुटते. एप्रिल २०१६ मध्ये वॉशिंग्टनला एका मुलाखतीत राजन यांनी भारताची तेव्हाची स्थिती सांगताना आंधळ्यांच्या राज्यातला एकाक्ष राजा ही म्हण वापरली. मंत्र्यांनी शब्दांबद्दल नापसंती दाखवली. पुण्यात राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेच्या पदवीदान समारंभात राजन यांनी खुलासा केला, आणि माफी मागितली ती सरकारची नव्हे, अंध बांधवांची. मे महिन्यात सुब्रमण्यम स्वामी यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून, राजन मनाने पूर्ण भारतीय नाहीत, त्यांना काढा, अशी मागणी केली. १८ जूनला राजन यांनी सहकाऱ्यांना पत्र लिहून आपण अध्यापनाकडे परतत असल्याचे कळवले. तीन वर्षांची मुदत संपत होती आणि ती वाढली नव्हती. छापून आले ते असे, की एका नायकाला घालवले. कायद्याप्रमाणे गव्हर्नरांना पाच वर्षांपर्यंतची मुदत देता येते, मग तीनच वर्षे का देतात आणि दर वेळी मुदतवाढीची तलवार टांगती का ठेवतात, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूला पडला.

पुढचे गव्हर्नर ऊर्जित पटेल बोलतच नसत. दोन महिन्यांत, ८ नोव्हेंबर २०१६ रोजी, पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. त्या संध्याकाळी दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाची बैठक झाली. तिचे इतिवृत्त २०१९ साली माहिती अधिकारातून बाहेर आले, तेव्हा कळले की काळा पैसा मुख्यतः नोटांत नसून सोने आणि स्थावर मालमत्तेत असतो, असे संचालकांनी नोंदवले होते आणि तरीही प्रस्तावाला मान्यता दिली होती. नोटाबंदीच्या दिवसांत माध्यमांनी पटेलांना सरकारचा शिक्का ठरवले.

१४ मार्च २०१८ रोजी पटेल गांधीनगरच्या विधी विद्यापीठात बोलले. फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतला पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा नुकताच उघड झाला होता आणि रिझर्व्ह बँक झोपली होती का, असे विचारले जात होते. पटेल यांनी समुद्रमंथनाचा दाखला देऊन, वेळ पडल्यास आम्ही नीलकंठ होऊन विष पिऊ, असे सांगितले. मथळे नीलकंठाचे झाले. त्या भाषणाचा गाभा मात्र एक यादी होती. सरकारी बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेला काय काय करता येत नाही याची. संचालकाला काढता येत नाही, मंडळ बरखास्त करता येत नाही, परवाना रद्द करता येत नाही, विलीनीकरण लादता येत नाही. खासगी बँकेवर हे सारे अधिकार आहेत, सरकारी बँकेवर नाहीत, कारण तिथे मालक सरकार आहे. स्वायत्ततेवरचा इतका नेमका मजकूर कुठल्याही गव्हर्नरांच्या भाषणात क्वचितच सापडेल. वाचकाला मिळाले पुराण.

त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी मुंबईत ए. डी. श्रॉफ स्मृती व्याख्यान दिले. सुरुवात त्यांनी अर्जेंटिनापासून केली. डिसेंबर २००९ मध्ये तिथल्या सरकारने मध्यवर्ती बँकेच्या गंगाजळीतले ६६० कोटी डॉलर मागितले होते, प्रमुखांनी नकार दिला आणि शेवटी त्यांना जावे लागले. सरकार ट्वेंटी-२० खेळते, मध्यवर्ती बँकेला कसोटी खेळावी लागते, असे ते म्हणाले. जे सरकार ही स्वायत्तता मानत नाही त्याला आज ना उद्या बाजाराचा रोष पत्करावा लागेल, असा इशाराही दिला. हा विषय घेण्याची सूचना गव्हर्नर पटेल यांची होती, हे त्यांनी भाषणातच सांगून टाकले. मौनी म्हणून गाजलेल्या माणसाने दुसऱ्याच्या तोंडून बोलणे निवडले होते.

आठवड्याने अर्थ व्यवहार सचिवांनी रुपया, तेल, शेअर बाजार आणि रोख्यांचे सुधारलेले आकडे ट्विटरवर टाकून विचारले, हाच का बाजाराचा रोष? वाहिन्यांना हवा होता तो सामना मिळाला. १९ नोव्हेंबरला संचालक मंडळाची बैठक तासन् तास चालली आणि बाहेर कॅमेरे उभे राहिले. १० डिसेंबरला पटेल यांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला आणि कालचा शिक्का एका रात्रीत हुतात्मा झाला. माणूस तोच होता, त्याचा स्वभावही तोच. फक्त गोष्टीतली भूमिका बदलली.

जाड बॅग, पातळ बॅग

हा आपल्याच वर्तमानपत्रांचा दोष नाही. अमेरिकेत हा खेळ जुना आहे आणि राजकारणी त्यात माध्यमांना हत्यारासारखे वापरत आले आहेत. १९७१ च्या उन्हाळ्यात फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष आर्थर बर्न्स हे देशाला पगारवाढी आवरा असे सांगत होते आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना निवडणुकीपूर्वी सैल पैसा हवा होता. निक्सन यांचे सहायक चार्ल्स कोल्सन यांनी बातमी पेरली, की बर्न्स स्वतःसाठी पगारवाढ मागत आहेत आणि फेडच्या मंडळावर जादा माणसे नेमण्याचा विचार चालू आहे. बातमीत तथ्य नव्हते, पण ती छापून आली. थोड्याच दिवसांत निक्सन यांनी पत्रकार परिषदेत बर्न्स यांची बाजू घेतली, हा टोला अन्याय्य असल्याचे सांगितले. आधी खोडी, मग मलम, आणि दोन्ही वर्तमानपत्रांमार्फत. पुढच्या वर्षी पैसा सैल झाला, निक्सन मोठ्या बहुमताने निवडून आले, आणि मागोमाग महागाईही आली.

ती महागाई मोडायला १९७९ मध्ये पॉल व्होल्कर आले. त्यांनी व्याजदर इतके चढवले की घरबांधणी ठप्प झाली. बांधकाम व्यावसायिकांनी लाकडाच्या फळ्यांवर निषेध लिहून त्या फेडला टपालाने पाठवल्या, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन इमारतीसमोर उभे राहिले. १९८२ अखेर बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली. व्होल्कर तेव्हा खलनायक होते. महागाई उतरल्यावर त्याच निर्णयांसाठी ते महापुरुष झाले.

ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या काळात तर सीएनबीसी वाहिनी बैठकीच्या सकाळी त्यांच्या हातातल्या बॅगेवर कॅमेरा रोखत असे. बॅग जाड असेल तर दर बदलणार, पातळ असेल तर जैसे थे, असा होरा. बॅगेची जाडी डबा घेतला की नाही यावर ठरायची, असे ग्रीनस्पॅन यांनी नंतर सांगून टाकले. फेब्रुवारी १९९९ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने त्यांना दोन सहकाऱ्यांसह मुखपृष्ठावर घेतले आणि जग वाचवणारी समिती म्हटले. २००८ च्या पडझडीनंतर याच माणसाला संसदीय समितीपुढे आपल्या विचारातली चूक कबूल करावी लागली. ज्यांनी पूजा बांधली त्यांनीच विसर्जन केले. बँकांवरच्या देखरेखीचे नियम मधल्या काळात कसे सैल होत गेले, हा कंटाळवाणा मजकूर दोन्ही वेळा मागे पडला.

अगदी अलीकडे, २४ जुलै २०२५ रोजी, ट्रम्प आणि फेडचे अध्यक्ष जेरोम पॉवेल पांढरी शिरस्त्राणे घालून फेडच्या दुरुस्ती चालू असलेल्या इमारतीत एकमेकांशेजारी उभे राहिले. खर्च ३.१ अब्ज डॉलरवर गेला, असे ट्रम्प म्हणाले. पॉवेल यांनी मान हलवली आणि हातातला कागद पाहून, यात पाच वर्षांपूर्वी पूर्ण झालेली तिसरी इमारत धरली आहे, असे कॅमेऱ्यांदेखत सांगितले. चित्रफीत जगभर फिरली. पॉवेल यांना मान हलवणे परवडले यामागे कायद्यातली तरतूद आहे. फेडच्या मंडळावरील सदस्याला राष्ट्राध्यक्ष सबळ कारणाशिवाय काढू शकत नाहीत. महिन्याभरात ट्रम्प यांनी लिसा कुक या सदस्याला काढण्याचे पत्र दिले आणि खरी झुंज न्यायालयात, त्या तरतुदीच्या अर्थावर सुरू झाली.

आपल्या रिझर्व्ह बँक कायद्यात असे कवच नाही. कलम ११ प्रमाणे केंद्र सरकार गव्हर्नरांना पदावरून दूर करू शकते, कारण देण्याची अट नाही. कलम ७ प्रमाणे गव्हर्नरांशी सल्लामसलत करून लोकहितार्थ बँकेला निर्देश देता येतात. २०१८ च्या ऑक्टोबरात हे कलम ७ एकाएकी पहिल्या पानावर आले. तोवर ते कायद्याच्या पुस्तकात पडून होते, आणि आजही तिथेच आहे.

मंत्र्यांनी चढवलेला दर

पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांचे व्हाइसरॉयच्या मंडळातले वित्त सदस्य जेम्स ग्रिग यांच्याशी व्याजदर आणि रुपयाच्या विनिमय दरावरून बिनसले, आणि १९३७ मध्ये ते पायउतार झाले. त्यांची सही एकाही नोटेवर नाही. बँक सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.

स्वतंत्र भारतातला पहिला मोठा खटका १९५७ चा. त्याची सुरुवात मुंबईच्या प्रश्नात आहे. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ चिंतामणराव देशमुख यांनी जुलै १९५६ मध्ये लोकसभेत आपला वित्तमंत्रिपदाचा राजीनामा जाहीर केला. त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले. त्यांनी हुंड्यांवरचे मुद्रांक शुल्क असे वाढवले, की रिझर्व्ह बँकेकडून कर्ज घेणे बँकांना महाग पडू लागले. बँकेने आपला बँक दर हलवला नव्हता. मंत्र्यांनी तो आडमार्गाने हलवला होता. मंत्र्याला नेहमी स्वस्त पैसा हवा असतो आणि गव्हर्नर दर चढवून त्याला अडवतो, हे आपल्या डोक्यातले ठरीव चित्र या प्रसंगाला लागू पडत नाही. इथे मंत्र्याने दर चढवला आणि गव्हर्नरांचा आक्षेप होता तो अधिकार कुणाचा याला.

गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी तक्रार केली. कृष्णम्माचारी रिझर्व्ह बँकेला वित्त मंत्रालयाचा एक विभाग समजत आणि तसे बोलूनही दाखवत. पंतप्रधान नेहरूंनी रामा राव यांना लिहिलेल्या पत्राचा आशय असा होता, की बँकेला मान आहे, तिने सल्ला जरूर द्यावा, पण सरकारच्या धोरणाशी तिला जुळवून घ्यावे लागेल. जानेवारी १९५७ मध्ये साडेसात वर्षे काम केलेले रामा राव निघून गेले.

नेहरूंचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. निवडून आलेले सरकार योजना आखते, त्याचा जाब लोकांना देते. न निवडलेल्या अधिकाऱ्याने वेगळ्या दिशेने ओढावे हे लोकशाहीत कसे बसते, हा प्रश्न आजही उभा आहे. त्याचे एकच पटण्याजोगे उत्तर आहे: कुठल्या गोष्टीत बँकेने ऐकायचे आणि कुठल्या गोष्टीत ऐकायचे नाही हे संसदेने आधीच लिहून ठेवायचे. १९५७ साली असे काही लिहिलेले नव्हते, त्यामुळे स्वभावांची टक्कर झाली आणि ज्याच्या मागे पंतप्रधान होते तो जिंकला. वर्षभरातच आयुर्विमा महामंडळाच्या मुंदडा प्रकरणात मुंबईला न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे उघड सुनावणी झाली, नवे गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार यांचीही साक्ष झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनाच राजीनामा द्यावा लागला. यात काव्यात्म न्याय शोधणाऱ्यांनी शोधावा. बँकेच्या अधिकारात त्याने तसूभरही भर पडली नाही.

बेचाळीस वर्षांची सोय

चिंतामणराव देशमुख मराठी माणसाच्या मनात दोन कारणांनी आहेत. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला हा संस्कृतचा विद्वान १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला आणि १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेला गेला. आणि मुंबईसाठी त्याने मंत्रिपदावर पाणी सोडले. बाणेदारपणाची उदाहरणे देताना आजही तो राजीनामा आठवतो, आणि तो मान रास्त आहे.

पण ते वित्तमंत्री असतानाच, जानेवारी १९५५ मध्ये, मंत्रालय आणि बँक यांच्यात एक कार्यपद्धती ठरली. केंद्र सरकारच्या खात्यात शुक्रवारी किमान पन्नास कोटी आणि इतर दिवशी चार कोटी रुपये असले पाहिजेत. शिल्लक त्याखाली गेली की बँकेने सरकारच्या नावे तात्पुरत्या हुंड्या काढायच्या, त्या स्वतःच घ्यायच्या आणि खाते भरून द्यायचे. कुणाला विचारायचे नाही, मर्यादाही नाही. किराणा संपला की दुकानदाराने आपणहून डबे भरून ठेवावेत आणि उधारीच्या वहीला शेवटचे पान नसावे, असा हा व्यवहार होता. कागदावर नाव 'ॲड-हॉक' म्हणजे हंगामी. हुंडी ९१ दिवसांची, पण जुनी फिटली की नवी निघायची.

देशमुख किंवा रामा राव यांचा हेतू वाईट होता असे म्हणायला जागा नाही. ही प्रशासकीय सोय होती. रोजच्या जमाखर्चातली तात्पुरती तूट भरून काढायची, एवढेच. बँकेची सूत्रे सहा वर्षे हातात ठेवलेला माणूस मंत्रालयात होता, बँकेत रामा राव होते, दोघांत वाद नव्हता, आणि म्हणूनच बातमी नव्हती. पुढे तूट तात्पुरती राहिली नाही. सरकार खर्च करील तेवढी नोट बँकेने छापायची, असा त्या सोयीचा अर्थ होत गेला. १९७४ पासून या हुंड्यांवरचा व्याजदर ४.६ टक्क्यांवर गोठला, बाजारातले दर कुठेही गेले तरी. गव्हर्नर कितीही करारी असो, बँक दर कितीही चढवो, मागच्या दाराने पैसा वाहतच राहिला. दार बंद करण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

हे गव्हर्नर सी. रंगराजन यांनी १९९३ मध्ये कोलकात्याच्या कुट्टी स्मृती व्याख्यानात मध्यवर्ती बँकांच्या स्वायत्ततेवर बोलताना मांडले. ९ सप्टेंबर १९९४ रोजी सरकार आणि बँक यांच्यात करार झाला, की या हुंड्यांना मर्यादा घालायची आणि तीन वर्षांत त्या बंद करायच्या. वित्तमंत्री होते मनमोहन सिंग, म्हणजे पुन्हा एक माजी गव्हर्नर. दार उघडले तेव्हा मंत्रालयात माजी गव्हर्नर होता, ते लावून घ्यायचे ठरले तेव्हाही होता. दोन्ही वेळा भांडण नव्हते, म्हणून नायकही नव्हता आणि खलनायकही.

शेवटचा खिळा फेब्रुवारी १९९७ च्या अर्थसंकल्पात ठोकला गेला. पी. चिदंबरम यांनी ॲड-हॉक हुंड्या बंद करून त्या जागी मर्यादा आणि व्याज ठरलेली तात्पुरती उचल आणत असल्याचे सांगितले, आणि १ एप्रिल १९९७ पासून ती सुरू झाली. हाच तो 'स्वप्नवत अर्थसंकल्प'. प्राप्तिकराचे दर कमी झाले म्हणून माध्यमांनी त्याला ते नाव दिले आणि आजही त्याची आठवण त्याच कारणासाठी निघते. बेचाळीस वर्षांची सोय संपल्याचा परिच्छेद त्याच भाषणात होता. २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्याने पुढचे पाऊल टाकले: एप्रिल २००६ पासून सरकारचे नवे रोखे थेट विकत घेण्यास रिझर्व्ह बँकेला मनाई झाली. राजन यांना २०१५ मध्ये तो संवाद म्हणता आला, कारण हे दोन कागद आधी तयार झाले होते.

हजार रुपयांची मर्यादा

महाराष्ट्रात रिझर्व्ह बँकेची ओळख रेपो दराने होत नाही. ती होते सहकारी बँकेच्या बंद दारावर चिकटवलेल्या सूचनेने. २४ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांना कळले, की सहा महिन्यांत खात्यातून फक्त हजार रुपये काढता येतील. पुढे मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली. पण त्या दिवसांत मुंबईत ठेवीदार रस्त्यावर होते आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. १० ऑक्टोबरला वित्तमंत्री निर्मला सीतारामन भाजपच्या मुंबई कार्यालयात आल्या तेव्हा ठेवीदारांनी त्यांना गाठले. त्यांनी गव्हर्नरांशी बोलण्याचे आश्वासन दिले आणि हेही सांगितले, की वित्त मंत्रालयाचा यात थेट संबंध नाही, नियामक रिझर्व्ह बँक आहे.

म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीवर चर्चा असते तेव्हा स्वायत्तता अडचणीची, आणि दारात ठेवीदार उभे असतात तेव्हा ती सोयीची. कायद्याचे वास्तव याहून गुंतागुंतीचे होते. सहकारी बँकेवर एक हात रिझर्व्ह बँकेचा, दुसरा सहकार निबंधकाचा, अशी दुहेरी व्यवस्था १९६६ पासून चालत आली होती. ती आवळून रिझर्व्ह बँकेला जादा अधिकार देणारी दुरुस्ती २०२० मध्ये झाली. वाहिन्यांनी रडणारे ठेवीदार दाखवले, ते दाखवायलाच हवे होते. दुहेरी ताबा कुणाच्या सोयीचा होता आणि इतकी वर्षे का टिकला, हे विचारले असते तर राज्यातल्या अनेक संचालक मंडळांत बसलेल्या नेत्यांची नावे निघाली असती.

२०११ च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेच्या शिफारशीवरून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त झाले आणि प्रशासक आले. आपल्याकडे ही बातमी चालली ती काँग्रेसचे मुख्यमंत्री विरुद्ध राष्ट्रवादी अशी, सत्तेतल्या दोन भागीदारांच्या कुरघोडीची. कुरघोडी असेलही. पण नाबार्डने तपासणी करून ठेवली होती, तिच्या अहवालात बँकेच्या स्थितीवर शेरे होते. नियामकाने नियम लावला असू शकतो, ही शक्यताच आपल्या राजकीय वार्तांकनाच्या कल्पनेत बसत नाही.

न छापलेले पत्र

पटेल यांच्यानंतर शक्तिकांत दास आले. नोटाबंदीच्या वेळी ते अर्थ व्यवहार सचिव होते, रोज पत्रकारांपुढे येत होते. त्यामुळे हा सरकारचा माणूस, असा निकाल पहिल्याच दिवशी लागला. ऑगस्ट २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने सरकारला १,७६,०५१ कोटी रुपये दिले तेव्हा निकालावर शिक्कामोर्तब झाले. ही रक्कम माजी गव्हर्नर बिमल जालान यांच्या समितीने घालून दिलेल्या सूत्राने निघाली होती: ताळेबंदाच्या साडेपाच ते साडेसहा टक्के एवढी आपत्कालीन तरतूद ठेवायची, उरलेले द्यायचे. ती साडेपाचची खालची पायरी धरून हिशेब झाला. मे २०२५ मध्ये हा पट्टा साडेचार ते साडेसात टक्के झाला, बँकेने वरची पायरी धरली, आणि तरीही सरकारला २.६८ लाख कोटींहून अधिक रक्कम गेली. पायरी कुणी आणि का निवडली, यातच सरकार आणि बँक यांच्या नात्याची खरी बातमी असते.

दास यांच्याबद्दलचा निकाल एका ठिकाणी चुकला. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका वाहिनीच्या कार्यक्रमात वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी दर कमी करावेत असे उघड सांगितले, काही दिवसांत वित्तमंत्रीही कर्जे परवडण्याजोगी हवीत असे म्हणाल्या. ६ डिसेंबरला दर साडेसहा टक्क्यांवरच राहिला. चार दिवसांनी दास निवृत्त झाले. सरकारचा माणूस म्हणवला गेलेला गव्हर्नर जाता जाता मंत्र्यांचे न ऐकता गेला. त्याला तसे करता आले, कारण २०१६ च्या कायद्याप्रमाणे दर ठरवते ती सहा जणांची समिती. तीन बँकेचे, तीन सरकारने नेमलेले, मतदान नोंदवलेले, इतिवृत्त चौदाव्या दिवशी प्रसिद्ध.

पण याच कायद्याची एक कसोटी दास यांच्या काळात लागली आणि तिथे कायदा तोकडा पडला. महागाईचे लक्ष्य ४ टक्के होते, दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची सूट. सलग तीन तिमाही ती सूट ओलांडली तर बँकेने सरकारला लेखी कळवायचे: का चुकलो, काय करणार, किती काळ लागेल. २०२२ च्या जानेवारी ते सप्टेंबर महागाई ६ टक्क्यांच्या वर राहिली. ३ नोव्हेंबर २०२२ रोजी समितीची खास बैठक झाली आणि पत्र गेले. त्यात काय होते हे प्रसिद्ध झाले नाही. सरकारला दिलेले विशेषाधिकारातले पत्र आहे, प्रसिद्धीचा अधिकार आपला नाही, अशी भूमिका दास यांनी घेतली.

इंग्लंडमध्ये १९९७ साली गॉर्डन ब्राउन यांनी बँक ऑफ इंग्लंडला दर ठरवण्याचा अधिकार दिला तेव्हा असेच पत्र लिहिण्याची अट घातली, पण उघड पत्राची. मार्च २००७ ची महागाई ३.१ टक्क्यांवर गेली तेव्हा गव्हर्नर मर्विन किंग यांनी पहिले पत्र लिहिले आणि ते सगळ्या देशाने वाचले. गव्हर्नरला मंत्र्यापासून मोकळीक हवी असेल तर त्याचा हिशेब लोकांपुढे मांडला गेला पाहिजे. नाहीतर स्वायत्तता म्हणजे बंद खोलीतला पत्रव्यवहार, आणि बंद खोलीत मोठा आवाज सरकारचाच असतो.

दर दोन महिन्यांनी सकाळी दहाला गव्हर्नरांचे निवेदन सुरू होते आणि पडद्यावर पट्टी फिरते: कर्जदारांना दिलासा, किंवा हप्ता वाढणार. दर उतरला की ज्याचे घर मुदत ठेवीच्या व्याजावर चालते त्या पेन्शनराचे उत्पन्न घटते, त्याच्यासाठी पट्टी नसते. त्याला आणि कर्जदारालाही खरे संरक्षण देणारा प्रश्न एकच आहे: पुढची पाच-दहा वर्षे माझा रुपया किती झिजणार, आणि तो झिजू नये यासाठी बांधील कोण? त्या प्रश्नाची उत्तरे गव्हर्नरांच्या चेहऱ्यात नाहीत. ती मुदतीच्या कलमात, ताळेबंदाच्या टक्केवारीत आणि सरकार दर पाच वर्षांनी ठरवते त्या महागाईच्या लक्ष्यात आहेत. २०२१ मध्ये ४ टक्क्यांचे लक्ष्य मार्च २०२६ पर्यंत कायम ठेवले गेले, तेव्हा त्यावर वाहिन्यांवर किती रात्री चर्चा रंगल्या, हे वाचकाने स्वतःच आठवून पाहावे.

गव्हर्नरांचे चुकल्याचे पत्र संसदेत मांडले जाईल, एवढी एक ओळ कायद्यात घालायला खर्च नाही, घटनादुरुस्ती नाही. ती ओळ मागणारा अग्रलेख पुढच्या एखाद्या गव्हर्नरांच्या राजीनाम्याची वाट न पाहता, अगदी शांत काळात, कुणी कुणाशी भांडत नसताना लिहिता येतो. किंबहुना तेव्हाच तो लिहायला हवा.